कांग-ऊच्या पायांत बूट

'इट्स ओके, दॅट्स लव्ह' ही कोरियन मालिका ज्यांनी पाहिलेली नाही आणि पुढेमागे पाहायची आहे, त्यांनी हा लेख इथेच थांबवून आधी ती पाहावी. या मालिकेबद्दल मनापासून बोलायचं तर चौथ्या भागाच्या शेवटी काय होतं ते सांगावंच लागतं. आणि ते आधीच कळलं, तर लेखिकेने आपल्यासाठी इतक्या काळजीने रचून ठेवलेला एक अनुभव हातचा जातो.

चौथ्या भागाच्या शेवटी जांग जे-योल हा गाजलेला लेखक हान कांग-ऊ नावाच्या शाळकरी मुलाला त्याच्या बापाच्या मारातून सोडवतो. कांग-ऊला कादंबरीकार व्हायचंय. तो जे-योलच्या मागे मागे फिरतो, त्याला 'लेखक साहेब' म्हणून हाक मारतो, लिहिलेलं वाचायला देतो. घरी आईला आणि त्याला मारणारा माणूस आहे, म्हणून पळत सुटण्याची त्याला सवय आहे. त्या रात्री दोघं मिळून त्या बापाशी भिडतात आणि मग रस्त्याने धावत सुटतात. दमलेले, मार खाल्लेले, तरी खिदळणारे. आपणही त्यांच्याबरोबर हसत असतो. आणि मग कॅमेरा तेच धावणं दुसऱ्या बाजूने दाखवतो. रस्त्यावर जे-योल एकटाच धावतोय. एकटाच हसतोय. शेजारी कोणी नाही.

मी त्या क्षणी मालिका थांबवली होती. आतापर्यंतचे सगळे प्रसंग मनात मागे फिरवून पाहत राहिले. कांग-ऊ कोणाशी बोलला होता? कोणी त्याला पाणी दिलं होतं? कोणी त्याच्याकडे पाहिलं तरी होतं? कोणीच नाही. फक्त जे-योलने. आणि आम्ही, पाहणाऱ्यांनी.

ही मालिका एसबीएस वाहिनीवर २०१४ साली २३ जुलैपासून ११ सप्टेंबरपर्यंत बुधवार-गुरुवारी रात्री दाखवली गेली. सोळा भाग. लेखिका नो ही-क्योंग, दिग्दर्शक किम क्यू-ते. जे-योल झालाय जो इन-सुंग आणि त्याच्या समोर मानसोपचारतज्ज्ञ जी हे-सू झाली आहे कोंग ह्यो-जिन. कांग-ऊच्या भूमिकेत 'एक्सो' या गायकवृंदातला डो क्योंग-सू आहे. टीव्ही मालिकेतलं हे त्याचं पहिलंच काम. विशीतल्या मुलाने पहिल्याच कामात इतका खरा खोटा मुलगा उभा करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

वरवर पाहिलं तर गोष्ट प्रेमाची आहे आणि सुरुवात अगदी ठरलेल्या वळणाची. टीव्हीवरच्या एका चर्चेत लेखक आणि डॉक्टर आमनेसामने येतात, खटके उडतात. मग हे-सू सोलच्या होंगदे भागातल्या ज्या घरात राहते, तिथेच जे-योल राहायला येतो. त्या घरात डॉ. जो डोंग-मिन हा हे-सूचा वरिष्ठही राहतो आणि टुरेट सिंड्रोम, म्हणजे अंगाचे झटके आणि तोंडचे आवाज ताब्यात न राहण्याचा आजार, असलेला पार्क सू-क्वांगही. भांडणं, एकत्र जेवणं, बिअर, गच्चीवरच्या गप्पा. जे-योल रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करतो, त्याची पुस्तकं हातोहात खपतात. देखणा आहे, हजरजबाबी आहे, स्वतःवर खूश आहे. फक्त त्याच्या खोलीतली प्रत्येक वस्तू रंगांच्या ठरलेल्या क्रमाने लागलेली असते, आणि त्याला झोप लागते ती बाथरूममध्येच.

नो ही-क्योंगने काय केलं ते इथे नीट पाहायला हवं, कारण माझ्या मते या मालिकेचा जीव त्यातच आहे. जे-योलला झालेला आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया, ज्यात नसलेलं खरं वाटू लागतं. अशा माणसाची गोष्ट सांगताना बहुतेक जण आजार आधी दाखवतात आणि माणूस नंतर. विस्कटलेले केस, भकास नजर, खिडकीपाशी बसून पुटपुटणं. ते पाहताच पाहणारा खुर्चीत थोडा मागे सरकतो, त्याला दया येते, आणि आपण त्यातले नाही याची खात्रीही पटते. इथे चार भाग आपण जे-योलच्या प्रेमात पडत असतो. त्याच्या विनोदांवर हसतो, तो हे-सूला पटवणार की नाही याची काळजी करतो. आणि मुख्य म्हणजे कांग-ऊला आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याचा आवाज ऐकलेला असतो. भास जे-योलला झाला आणि आपल्यालाही झाला. पुढे कोणी म्हणालं, 'असं कसं खरं वाटतं यांना? समोर कोणी नाही हे दिसत नाही का?' तर त्याचं उत्तर आपल्यापाशी तयार असतं. नाही दिसत. मलाही नाही दिसलं.

मनाच्या आजाराबद्दल सहानुभूती बाळगा असं सांगणारं पुष्कळ काही मी वाचलंय, ऐकलंय. त्या सगळ्याने जे साधलं नाही ते त्या एका धावण्याने साधलं.

मालिकेत वाळवंटातल्या उंटाची एक छोटी गोष्ट आहे, जे-योल ती हे-सूला सांगतो. भटक्या टोळ्या रात्री उंटाला झाडाशी बांधून ठेवतात आणि सकाळी दोर सोडतात. तरी उंट पळून जात नाही. बांधलेली रात्र त्याच्या लक्षात असते. हे-सूच्या बाबतीत ती रात्र म्हणजे लहानपणी पाहिलेलं एक दृश्य. वडील अंथरुणाला खिळलेले आणि आई दुसऱ्या पुरुषाच्या जवळ. तेव्हापासून कोणी पुरुष जवळ आला की तिला घाम फुटतो, छाती धडधडते. इतरांची मनं सोडवून देणारी ही बाई स्वतःची गाठ ओळखते, तिचं निदान करू शकते, नावानिशी सांगू शकते, पण सोडवू शकत नाही. माहिती असणं आणि बरं होणं यांच्यामध्ये केवढं अंतर आहे, हे डॉक्टरच्याच पात्रातून दाखवणं मला फार आवडलं.

पण हे-सूच्या वाट्याला आलेली गोष्ट मालिकेने नीट निभावली असं मला वाटत नाही, आणि ते सांगायला हवं. सुरुवातीला जे-योल तिला न विचारता चुंबन घेतो, ती त्याला थोबाडीत मारते, आणि पुढे तीच घटना गोडीच्या गोष्टीत धरली जाते. जिला स्पर्शाचीच भीती आहे अशा बाईच्या बाबतीत हे करायला नको होतं. पुढे ओकिनावाच्या सहलीत समुद्र, ऊन आणि प्रियकर यांच्या संगतीत तिची वर्षानुवर्षांची भीती पुष्कळशी विरघळते. दृश्यं सुंदर आहेत, कोंग ह्यो-जिनने ती जपून केली आहेत. पण हे-सूला प्रेमाने बरं करायचं आणि जे-योलला मात्र प्रेम पुरेसं नाही असं ठणकावून सांगायचं, हे एकाच मालिकेत कसं बसतं? बाईचा आजार हळवा आणि पुरुषाचा आजार खरा, असा एक भेद तिथे नकळत झालाय.

सू-क्वांगबद्दल मात्र दोन शब्द कौतुकाचे. ली क्वांग-सू हा तिकडे विनोदी कार्यक्रमांमुळे घराघरात ठाऊक असलेला नट. टुरेटमध्ये मान झटकते, तोंडून नको तेव्हा आवाज निघतात, आणि एखादी मुलगी आवडली की हे सगळं नेमकं वाढतं. सहज हशा पिकवता आला असता. त्याने तो पिकवला नाही. ज्या बापाला या मुलाची लाज वाटते, त्या बापासमोर त्याचं अंग ताब्यात राहत नाही, तो प्रसंग पाहताना हसू येत नाही.

आता जे-योलच्या घराकडे येते. सावत्र बाप दारुडा आणि मारकुटा होता. मुलगा पळून जाऊन गावाकडच्या शौचकूपात लपायचा, कारण तिथे तो माणूस यायचा नाही. सगळ्यात घाण जागा हीच सगळ्यात सुरक्षित जागा. म्हणून मोठेपणी, पैसा-नाव मिळाल्यावरही, झोप लागते ती बाथरूममध्ये. आईला बंद दाराच्या आत झोप येत नाही, तिला थंडीतही सगळं उघडं लागतं. आणि मोठा भाऊ जे-बम सावत्र बापाच्या खुनाबद्दल तुरुंगात आहे. तारुण्य तिथेच गेलेलं. जे-बमचं काम यांग इक-जूनने केलंय आणि मला विचाराल तर या मालिकेतला सगळ्यात मोठा अभिनय तोच आहे. केस पांढरे पडलेला, ओरडणारा, आपण खून केला नाही हे सिद्ध व्हावं म्हणून डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा अमायटलचं, म्हणजे गुंगीत खरं बोलायला लावतं असं मानलेल्या औषधाचं, इंजेक्शन मागणारा माणूस.

खरं काय घडलं होतं ते हळूहळू उलगडतं. झटापटीत सुरी लागून तो बाप कोसळला, पण तो गेला आगीत. आग आईने लावली, आणि लावताना ती भानावर नव्हती. तिला ते आठवतही नाही. ते पाहिलं फक्त जे-योलने. कोर्टात त्याने आईला वाचवलं आणि भावाकडे बोट दाखवलं. एका मुलाला आई आणि भाऊ यांतून एकाला निवडावं लागलं, आणि जो उरला त्याची वर्षं तुरुंगात गेली. ही अपराधाची भावना त्याने कोणाला सांगितली नाही. लिहीत राहिला, हसत राहिला, भावाचा राग सहन करत राहिला. आणि मग कधीतरी त्याच्या आयुष्यात एक मुलगा आला, अनवाणी, रक्ताळलेल्या पायांचा, मार खाऊन पळणारा.

कांग-ऊ कोण आहे हे आता तुम्हाला कळलंच असेल. तो जे-योल स्वतः आहे, त्या वयाचा. ज्याला तेव्हा कोणी वाचवलं नाही त्याला हा आता वाचवत असतो. म्हणूनच हा भास इतका प्रेमळ आहे, आणि म्हणूनच इतका धोक्याचा. कांग-ऊला असाध्य आजार होतो, त्याच्या मनात मरणाचे विचार येतात, आणि डॉक्टरांच्या अंगावर काटा येतो. कांग-ऊने मरायचं ठरवलं, तर मरणार कोण?

पुढे जे-योलला मानसोपचारासाठी दवाखान्यात दाखल करतात. ते भाग पाहताना काही कोरियन संदर्भ ठाऊक असले तर जास्त कळतं. तिथे आत्महत्यांचं प्रमाण विकसित देशांच्या ओईसीडी गटात वर्षानुवर्षं सर्वांत वर राहिलंय, आणि तरी मानसोपचाराच्या दारात पाऊल टाकायला माणसं घाबरतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मानसिक आजारांची अक्षरखूण 'एफ' आहे. आपल्या कागदावर एफ पडला की विमा मिळणार नाही, नोकरी जाईल, लग्न मोडेल, ही भीती तिथे इतकी सार्वत्रिक आहे की 'एफ कोड' हा रोजच्या बोलण्यातला शब्द झालाय. दुसरं असं की मालिका आली तेव्हाच्या कायद्यानुसार दोन पालक-नातेवाइकांची संमती आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचं मत एवढ्यावर माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येत असे. २०१६ साली तिथल्या संविधान न्यायालयाने ही तरतूद संविधानाशी विसंगत ठरवली आणि २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. म्हणजे जे-योल ज्या खोलीत बंद होतो, त्या खोलीबद्दल त्या देशाच्या मनातही पुष्कळ खळबळ होती. लोकप्रिय नट घेऊन, सुंदर घरं आणि सुंदर कपडे दाखवत, लोक जेवण आवरून टीव्हीसमोर बसतात त्या वेळेला नो ही-क्योंगने ही खोली त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली.

आणि त्या खोलीत प्रेम काय करतं? फार थोडं करतं. मला या मालिकेबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे तो या जागी. हे-सू डॉक्टर आहे, त्याची प्रेयसी आहे, पण त्याची डॉक्टर नाही. उपचार दुसरे करतात. ती बाहेर बसते. तिला त्याला भेटता येत नाही, आणि भेटता येतं तेव्हा तो औषधांच्या गुंगीत असतो, जीभ जड झालेली, हात थरथरणारे. तो म्हणतो, मला लिहिता येत नाही. ज्याचं सगळं असणं लिहिण्यात आहे त्याचं हे वाक्य ती ऐकते आणि विरघळते. त्याला घरी नेऊ या असं तिला वाटू लागतं. औषधं कमी केली तर, माझ्याजवळ राहिला तर. डॉक्टर असून वाटतं! ज्या घरात असा माणूस आहे त्या घरातल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी वाटलेलं असतं. आपलं माणूस गोळ्यांखाली दबलेलं पाहवत नाही, आणि मायेपोटीच गोळ्या थांबवल्या जातात.

माझा एक मामा मुंबईला गिरणीत होता. १९८२च्या संपानंतर गिरणीचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, तो कोकणात गावी परतला. काही काळाने तो पडवीत बसून कोणाशी तरी बोलायला लागला. गिरणीतला कोणी सोबती होता म्हणे. भांडण नव्हतं, ओरडणं नव्हतं, अगदी मैत्रीतलं बोलणं. आजी चहा घेऊन आली की म्हणायचा, "आये, त्याला पण दे गो." आजीने बाहेरचं काही लागलंय असं धरलं. देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, अंगारा झाला, दूरच्या गावच्या एका जाणत्याकडे जाऊन आले. गेली ती वर्षं गेली. मग घरातल्याच एका शिकल्या मुलाने हट्टाने शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मामाचं बोलणं थांबलं. आजीने देवाला नारळ दिला. मामा जाड झाला, हात थरथरायचे, दुपारभर झोपायचा. पण जेवायचा, शेतावर जायचा, माणसांत बसायचा. बरा झाला असं सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं.

एका मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलं पडवीत पत्ते खेळत असताना तो आजीला म्हणाला, "आये, तो येत नाही गो आता." आजी म्हणाली, "बरं झालं." तो काही बोलला नाही. मी लहान होते, मला त्यात काही कळण्यासारखं वाटलं नाही. पण ते वाक्य मनात राहिलं, आणि पुष्कळ वर्षांनी सोलमधल्या एका लेखकाने एका मुलाचे पाय धुतले तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. मामाचा मित्र गेला होता. त्याला निरोप द्यायलाही कोणी सांगितलं नव्हतं. त्या घरात त्याच्या जाण्याचा आनंद झालेला होता, आणि दुःख फक्त एकट्याला होतं, तेही कोणाला सांगण्याजोगं नाही.

तो पाय धुण्याचा प्रसंग शेवटाकडे येतो. हे-सू जे-योलशी वाद घालत नाही. कांग-ऊ नाहीच, असं हजारदा सांगून काही होत नाही हे तिला ठाऊक आहे. ती त्याला एवढंच म्हणते की तू लेखक आहेस, नीट पाहा, कुठे काही जुळत नाही ते शोध. आणि तो पाहतो. कांग-ऊ भेटल्याला तीन वर्षं झाली, तरी तो त्याच इयत्तेत आहे. वाढत नाही. पायावरच्या जखमा त्याच, बऱ्या होत नाहीत. पायांत कधीच काही नाही. ज्या बुद्धीने त्याने रहस्यकथा रचल्या, त्याच बुद्धीने तो स्वतःच्या रहस्याचा शेवट शोधतो. भ्रमातून बाहेर येण्याचं काम शेवटी ज्याचं त्यालाच करावं लागतं. औषध त्यासाठी लागणारी शुद्ध देतं, माणसं त्यासाठी लागणारा धीर देतात, पण दार आतूनच उघडावं लागतं.

मग तो कांग-ऊला बसवतो. पाय धुतो. हळू, बोटांच्या बेचक्यांतून, जखमांना धक्का न लावता. पुसतो. मोजे घालतो. आणि नवे बूट. कांग-ऊ विचारतो, मी आता यायचं नाही का? रडत विचारतो. जे-योलही रडतो आणि त्याचे आभार मानतो. तू आलास म्हणून मला कळलं की मीही तेव्हा घाबरलो होतो, मीही जखमी होतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. माझे डोळे तेव्हा इतके भरून आले होते की मला उपशीर्षकं नीट वाचता आली नाहीत.

या प्रसंगात आजाराला शत्रू ठरवलेलं नाही. त्याला हाकलून दिलेलं नाही. इतकी वर्षं साथ दिलेल्या पाहुण्याला जसं पाठवावं तसं, पायांत बूट घालून पाठवलंय. बरं होण्यात काहीतरी गमावणंही असतं, हे टीव्हीवर मी इतक्या स्पष्टपणे त्याआधी पाहिलेलं नव्हतं. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसाला एकटं वाटतं, उदास वाटतं, तेव्हा घरचे गोंधळतात. आता तर सगळं ठीक आहे ना, मग हे काय? तर हे असं आहे. जे ऐकू येत होतं ते थांबलंय, आणि त्या जागी शांतता आलीय, आणि ती शांतता सुरुवातीला फार मोठी असते.

वैद्यकीय बाजूने काही गोष्टी मालिकेने कथेसाठी वाकवल्या आहेत, तेही लक्षात ठेवलेलं बरं. या आजारात भास बहुतेक वेळा कानाचे असतात. आवाज येतात, कोणी टोमणे मारतं, हुकूम देतं. इतका सलग, हाताला लागणारा, वर्षानुवर्षं संवाद करणारा माणूस दिसणं क्वचितच. शिवाय जे-योल दवाखान्यात दाखल होईपर्यंत कार्यक्रम करतो, पुस्तकं लिहितो, प्रेमात पडतो. प्रत्यक्षात हा आजार अनेकदा आधी माणसाचा उत्साह, आंघोळ, मित्र, नोकरी यांवर हात मारतो. बोलणं कमी होतं, इच्छा विझते. ही गळती घरच्यांना आवाजांपेक्षा जास्त थकवते, पण ती पडद्यावर देखणी दिसत नाही, म्हणून गोष्टींत येत नाही. मामाच्या बाबतीतही बोलणं थांबल्यावर जे उरलं ते हेच होतं. जगभरात साधारण दर साडेतीनशे माणसांत एक, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख लोक या आजारासह जगतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतले फार थोडे जो इन-सुंगसारखे दिसत असतील.

तरी मी ही तक्रार जास्त ताणणार नाही. देखणेपणाने ती मालिका लोकांच्या घरात शिरली आणि एकदा शिरल्यावर तिने जे सांगायचं ते सांगितलं. शेवटच्या भागात जे-योल रेडिओवरून निरोप घेतो. आजवर आपण दुसऱ्यांनाच विचारत आलो, बरा आहेस ना. दुसऱ्यांनाच शुभरात्री म्हणत आलो. आज स्वतःला म्हणा, असं श्रोत्यांना सांगतो आणि स्वतःच्या नावाने स्वतःला शुभरात्री म्हणतो. मालिकेचे चाहते या निरोपावर फार जीव लावून आहेत. मला तो आवडतो, पण माझं मन त्याहून दुसऱ्या एका गोष्टीत अडकलेलं आहे.

ती म्हणजे हे-सूची आई. मुलगी स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाशी लग्न करू पाहते आहे, हे कळल्यावर ती कोलमडते. तिने स्वतः अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षं सेवा केली आहे. आपल्या मुलीच्या वाट्याला तेच यावं असं तिला वाटत नाही. कोणत्या आईला वाटेल? आपल्याकडेही स्थळ पाहताना या आजाराचा नुसता वास आला की बोलणी थांबतात, आणि म्हणून लपवालपवी होते, आणि लपवलेलं लग्नानंतर बाहेर येतं तेव्हा गोळ्या बंद झालेल्या असतात कारण नव्या घरात कोणासमोर घेणार? ही साखळी मी माझ्याच नात्यागोत्यात पाहिली आहे. मालिकेतल्या आईला खलनायिका केलेलं नाही, तिची भीती भीतीच राहू दिली आहे. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १० टक्के मानली जाते, सर्वसामान्य माणसाच्या १ टक्क्याच्या तुलनेत. दहा टक्के ऐकून आईला झोप लागणार नाही, आणि उरलेले नव्वद तिला दिसणार नाहीत. दोन्ही खरंच आहे.

मालिका तिथून पुढे उडी मारते. हे-सू वर्षभर जग फिरायला जाते, परत येते, लग्न होतं, ती गरोदर असते, सगळे हसत असतात. मला त्या आनंदाचा हेवा वाटत नाही, सोळा भाग रडल्यावर तो मिळायलाच हवा. पण नो ही-क्योंगने याच दोघांना घेऊन दुसरी मालिका लिहावी असं मला फार वाटतं, दहा वर्षांनंतरची. मूल तिसरीत आहे. बाबा रोज रात्री गोळी का घेतात असं ते विचारतंय. नवं पुस्तक अडलंय आणि जे-योलला वाटतंय की मात्रा थोडी कमी करून पाहावी, डॉक्टर नको म्हणतायत, हे-सू दमलेली आहे आणि आज तिला त्याच्याशी या विषयावर बोलायचंच नाही. सासू मात्र आता त्याच्या बाजूने आहे. एखाद्या रविवारी जे-बम येतो, भाऊ भाऊ बाहेर जेवायला जातात. अशा घराची गोष्ट मी रोज रात्री पाहायला तयार आहे.